वाचकांचे प्रश्न : काळ्या चित्राचा आरोप

प्रश्न : आमच्या वाचनकट्ट्यावर दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले लेखक जे. एम. कुट्सी यांच्या ‘डिसग्रेस’ या कादंबरीवरून वाद झाला. वर्णभेदी राजवट संपल्यानंतरच्या दक्षिण आफ्रिकेचे इतके काळे चित्र रंगवणे हा नव्या लोकशाहीवर अन्याय नव्हे काय?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : हा आक्षेप त्या देशातही घेतला गेला. 1999 साली कादंबरीला बुकर पारितोषिक मिळाले आणि 2000 मध्ये सत्ताधारी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने, प्रसारमाध्यमांतील वंशवादाची चौकशी करणाऱ्या मानवी हक्क आयोगापुढे, गोऱ्यांच्या मनातील कृष्णवर्णीयांच्या प्रतिमेचा नमुना म्हणून तिचा दाखला दिला. मात्र सारे कथन विद्यार्थिनीशी केलेल्या गैरवर्तनापायी नोकरी गमावलेल्या प्राध्यापक ल्यूरीच्या नजरेतून येते, तेव्हा त्याची मते लेखकाच्या माथी मारणे घाईचे ठरेल. मला अधिक वजनदार वाटतो तो त्याच्या मुलीविषयीचा, लूसीविषयीचा आक्षेप. शेतावर आलेल्या तिघा कृष्णवर्णीयांनी केलेल्या अत्याचारानंतर ती बलात्काराची तक्रार करीत नाही आणि घर तेवढे स्वतःकडे ठेवून जमीन कृष्णवर्णीय शेजारी पेट्रसच्या नावे करायला तयार होते. पण तिच्या मनात शिरायला कादंबरी वाटच ठेवत नाही. सातबाऱ्यावरच्या नावासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडणाऱ्या आपल्या कोकणात (कुळकायदा आठवावा) हा व्यवहार तरी परका वाटू नये. पुढच्या बैठकीत बापलेकींचे जमिनीविषयीचे संभाषण मोठ्याने वाचून पाहा.