विंडोज 11 वर डॉसचं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर चालेल का?

चालेल, पण तुम्ही प्रयत्न करताय त्या वाटेने नाही. तुमचं म्हणणं असं, की फॉक्सप्रो या डॉसच्या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये बनवलेलं बिलिंग विंडोज 7 च्या पीसीवर व्यवस्थित चालायचं. 2017 ला प्रोग्रॅमरने जीएसटी घालून दिला आणि नंतर तो फोन उचलेना. आता नव्या लॅपटॉपवर फोल्डर कॉपी केलं, तर 'हे अ‍ॅप या पीसीवर चालणार नाही' एवढंच येतं, कम्पॅटिबिलिटी ट्रबलशूट करूनही.

ते ट्रबलशूट सोडा. त्यातून मुख्यतः प्रोग्रॅमला 'मी जुनं विंडोज आहे' अशी थाप मारली जाते. तुमची अडचण वेगळी आहे. डॉसचे प्रोग्रॅम चालवणारा एनटीव्हीडीएम हा भाग फक्त 32 बिट विंडोजमध्ये असतो. तुमचा जुना पीसी 32 बिटच असणार. 64 बिट मोडमध्ये प्रोसेसरचा व्हर्च्युअल 8086 मोड, म्हणजे जुने डॉस प्रोग्रॅम चालवायची सोय, मिळत नाही, म्हणून 64 बिट विंडोजमध्ये तो भाग नाहीच. विंडोज 11 तर 32 बिटमध्ये येतच नाही. तेव्हा कुणी 'फॉरमॅट मारून देतो' म्हणालं तर नमस्कार करा.

डॉसबॉक्स सगळे सुचवतील, म्हणजे विंडोजच्या आत डॉसचा पीसी असल्याचं सोंग करणारा प्रोग्रॅम. तो मुळात गेमसाठी आहे. साध्या डॉसबॉक्समध्ये प्रिंटिंगची सोयच नाही. दुकानासाठी मी व्हीडॉस टाकून देतो, तोही त्याच जातीचा, पण अशाच धंद्याच्या प्रोग्रॅमसाठी बनवलाय. बिलिंगचं फोल्डर सी ड्राइव्हवर आठ अक्षरांच्या आतल्या, स्पेस नसलेल्या नावाने ठेवा आणि व्हीडॉस सुरू होताना वाचतो त्या ऑटोएक्झेक फाइलमध्ये त्याचा पत्ता द्या.

खरा वेळ जातो तो प्रिंटरवर. तुमचा प्रोग्रॅम डॉट मॅट्रिक्सला अक्षरं बारीक करायला कोड 15 पाठवत असणार. प्रिंट विंडोजच्या ड्रायव्हरमधून गेली आणि तो कोड वाटेत गळला, की अक्षरं मोठीच राहतात आणि 'रक्कम' हा रकाना उडी मारून खालच्या ओळीत जातो. असं झालं तर प्रोग्रॅमला दोष देऊ नका. प्रिंटर शेअर करून डेटा जसाच्या तसा, म्हणजे रॉ, जाईल असं सेटिंग करा.

तुमचं बिल इंग्रजीत असेल असं धरतोय. हे वाचणाऱ्या कुणाकडे पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर (डॉसमध्ये मराठी दाखवणारं पीसीतलं कार्ड) भरलेली मराठी नावं असतील, तर ती इस्कीमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांच्या जुन्या कोडमध्ये, आहेत. कार्डाशिवाय स्क्रीनवर नुसता कचरा दिसेल, पण डेटा शाबूत असतो. युनिकोडची देवनागरी इस्कीवरूनच बेतलेली असल्याने कन्व्हर्टरने तो बाहेर काढता येतो.

व्हीडॉस जमला नाही तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या आत दुसरा पीसी चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, 32 बिट विंडोज 7 टाका, लायसन्स असेल तर. त्याचं इंटरनेट मात्र बंद ठेवा.

काहीही करण्याआधी डीबीएफ फाइल्स, म्हणजे तुमच्या बिलांचा डेटा, पेनड्राइव्हवर घ्या. त्या लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये सरळ उघडतात. बघा, सेव्ह करू नका. मग मागच्या एखाद्या महिन्याचं सेल्स रजिस्टर दोन्हीकडून काढा आणि टोटल जुळवा. ती जुळेपर्यंत जुना पीसी भंगारवाल्याला देऊ नका. प्रिंटरचं मॉडेल कळवलंत तर सेटिंग नेमकं सांगतो.