पुतणी पीएचडीत 'पेशी कशा चिकटतात' एवढंच शोधतेय. त्यात इतकी वर्षं घालवण्यासारखं काय आहे आणि त्याचा उपयोग काय?

मी बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीत पीएचडी करतेय आणि माझाही विषय हाच आहे. दांडियाबाजारातले आमचे नातेवाईक भेटले की हेच विचारतात. त्यामुळे तुमच्या पुतणीच्या वतीने जरा सविस्तर लिहिते.

पेशीच्या आवरणात इंटिग्रिन नावाची प्रथिनं रोवलेली असतात. माणसात त्यांचे 24 प्रकार आहेत. बाहेरच्या टोकाने इंटिग्रिन आजूबाजूच्या फायब्रोनेक्टिनसारख्या प्रथिनांना धरतं, आणि आतल्या टोकाला टॅलिनसारख्या प्रथिनांमार्फत पेशीचा सांगाडा जोडलेला असतो. म्हणून बाहेर कशाला धरलंय ते आत कळतं, आणि आतून निरोप आला की पकड घट्ट किंवा सैल होते. कधी धरायचं आणि कधी सोडायचं हे कसं ठरतं, तिथे आमची खरी डोकेफोड चालते.

आमच्या लॅबमध्ये हे रोज डोळ्यांनी दिसतं. प्लास्टिकच्या प्लेटवर वाढलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पसरट, कोनदार दिसतात. वरचं गुलाबी मीडियम (पेशी ज्यात वाढतात तो पोषक द्रव) काढून, पेशी धुऊन ट्रिप्सिन आणि ईडीटीए घालायचं. ट्रिप्सिन पकडणारी प्रथिनं कापतं. ईडीटीए कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेतं, आणि त्यांच्यावाचून ही प्रथिनं धरूच शकत नाहीत. काही मिनिटांत पेशी कडेने आक्रसतात, गोल होतात, प्लेट हलकेच थोपटली की तरंगायला लागतात. मग लगेच सीरम (रक्तातला पेशी काढलेला द्रव भाग) घालून ट्रिप्सिन थांबवावं लागतं, नाहीतर पेशींनाच इजा होते. मी हे कितीदा पाहिलंय, तरी नजर हटत नाही.

आता उपयोगाचं. पिअर्शबाखर आणि रुओस्लाहटी या दोन शास्त्रज्ञांनी 1984 मध्ये दाखवलं की एवढ्या अवाढव्य फायब्रोनेक्टिनमध्ये पेशी मुख्यतः ज्याला धरते तो भाग फक्त तीन अमिनो आम्लांचा आहे: आर्जिनिन, ग्लायसिन, अस्पार्टिक आम्ल. आम्ही त्याला आरजीडी म्हणतो. हाच तुकडा सुटा करून द्रवात सोडला तर इंटिग्रिन त्यालाच धरून बसतं आणि पेशी प्लेटला चिकटत नाही.

हीच युक्ती सापाच्या विषातही आहे. आपल्या कोकणात ज्याला घाबरतात त्या फुरश्याच्या विषात एकिस्टॅटिन नावाचं छोटंसं प्रथिन असतं आणि त्यात हेच आरजीडी असतं. ते रक्तातल्या प्लेटलेट्सच्या इंटिग्रिनला जाऊन बसतं. जखम झाली की हे इंटिग्रिन उघडतं, रक्तातल्या फायब्रिनोजेन या प्रथिनाला धरतं आणि प्लेटलेट्सची गुठळी बनते. एकिस्टॅटिन ती बनू देत नाही. त्याच्याच धर्तीवर टिरोफिबान हे औषध तयार झालं. हार्ट अटॅकच्या किंवा अँजिओप्लास्टीच्या काही रुग्णांना गुठळी होऊ नये म्हणून ते सलाइनमधून देतात. उलट ज्यांच्यात जन्मतःच हे इंटिग्रिन नसतं किंवा बिघडलेलं असतं, त्यांचं रक्त साध्या जखमेतूनही लवकर थांबत नाही. ग्लान्झमान या डॉक्टरांनी 1918 मध्ये या आजाराचं वर्णन केलं होतं; कारण कळायला मात्र अनेक दशकं गेली.

कॅन्सरचाही इथे संबंध येतो. बहुतेक ऊतींमधल्या निरोगी पेशीची पकड सुटली की ती स्वतःहून मरते. गाठीतून सुटून रक्तात गेलेली कॅन्सरची पेशी हे मरण चुकवते आणि दुसऱ्या अवयवात जाऊन पुन्हा पकड बसवते. तिला तिथे धरूच दिलं नाही तर? हा प्रश्न मला झोपू देत नाही. पण एकाच कामाला दोन-तीन इंटिग्रिन असतात, एक बंद केलं की दुसरं पुढे सरसावतं. म्हणून या दिशेने औषध काढणं दिसतं तितकं सोपं नाही.

वर्षं का लागतात म्हणाल, तर पेशी प्रथिनाला धरतेय की नुसत्या प्लास्टिकला, हे आधी सिद्ध करावं लागतं. त्यासाठी प्लेटच्या काही खाचांत फायब्रोनेक्टिनचा थर द्यायचा, काहींत नुसत्या अल्ब्युमिन या दुसऱ्या प्रथिनाचा, कारण त्यावर पेशी सहसा टिकत नाहीत. पेशी सोडायच्या, थांबायचं, धुवायचं, चिकटून उरलेल्या पेशी जांभळ्या रंगाने रंगवून मोजायच्या. धुताना हात जरा जड पडला तर चांगल्या चिकटलेल्याही निघून जातात आणि आकडे फसवतात. मग सगळं पुन्हा. पेशी वाढायलाही त्यांचा वेळ घेतात आणि त्यांना रविवार कळत नाही.

पुतणी घरी आली की तिला "कधी संपणार?" असं विचारू नका. "तुझ्या पेशी कशाला धरतात आणि कुठलं इंटिग्रिन वापरतात?" असं विचारा. ती तासभर बोलेल.