घरी शेगडीवर बीफचे कबाब वरून करपतात आणि आतून चिवट राहतात. काय चुकतंय? नागपुरात कोणतं मांस घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की मांस रात्रभर दही, लिंबू आणि मसाल्यात ठेवता, तरी तुकडे चावले जात नाहीत, म्हणून दर वेळी मसाला वाढवता. मसाला राहू द्या. चिवटपणा मसाल्यातून येत नाही. तो येतो मांस कुठलं आहे, कधीचं आहे, कसं कापलंय आणि खाली आग कशी आहे यातून.

आधी मांस. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर बंदी १९७६ च्या कायद्यापासूनच आहे, मार्च २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. म्हणजे मोमीनपुऱ्यात किंवा कामठीत बडं म्हणून जे मिळतं ते म्हशीचं किंवा हल्याचं, म्हणजे रेड्याचं. रंगाने गडद लाल, चरबी पांढरी, आणि मुळात चरबी कमी. इंटरनेटवरच्या परदेशी कृती चरबीच्या जाळ्या असलेल्या गाईच्या मांसासाठी लिहिलेल्या असतात, त्या जशाच्या तशा बड्याला लावल्या की कबाब कोरडे पडतात.

खाटकाला 'कबाबचं द्या' एवढंच सांगू नका. अंडरकट (पाठीच्या कण्याखालचा मऊ पट्टा) मिळालं तर सर्वांत उत्तम, पण ते थोडंच निघतं आणि सकाळी लवकर संपतं. नाहीतर मागच्या रानाचं (मांडीचं), बिनहाडाचं, शिरा-पडदे काढलेलं घ्या. नळीभोवतीचं बोंग, मानेचं आणि छातीचं मांस कबाबला नको. त्यातल्या चिवट पडद्यांना मऊ व्हायला मंद आचेवर दोन-तीन तास लागतात, निखाऱ्यावर दहा-बारा मिनिटांत ते फक्त आखडतात. एक किलो मांसाबरोबर १०० ते १५० ग्रॅम चरबीचे तुकडे मागून घ्या.

आता बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट. सकाळी कापलेल्या जनावराचं मांस संध्याकाळी शेगडीवर टाकलं तर ते नेमकं ताठरलेल्या अवस्थेत असतं. कापल्यानंतर काही तासांत स्नायू आखडतात आणि तो ताठरपणा सुटायला फ्रीजमध्ये एक-दोन दिवस लागतात. म्हणून कबाब रविवारी करायचे तर मांस शुक्रवारी आणा आणि झाकून फ्रीजच्या सर्वांत थंड कप्प्यात ठेवा. धुतलंच तर चाळणीत पूर्ण निथळू द्या आणि स्वच्छ फडक्याने टिपून घ्या. ओल्या मांसाला मसाला धरत नाही.

कापताना धागे कुठल्या दिशेने जातात ते बघा आणि त्यांना आडवं कापा. तुकडा एक इंचाचा, फार तर सव्वा इंचाचा. दीड-दोन इंचाचे तुकडे आतून शिजेपर्यंत वरून कोळसा होतात.

मऊ करायचं काम कच्च्या पपईचं. पपई हिरवीगार हवी, सालासकट वाटलेली, कारण चीक सालाजवळ जास्त असतो. पिकलेली किंवा उकडलेली चालत नाही. रानाच्या एक किलो मांसाला दोन मोठे चमचे वाटण, अंडरकटला एक लहान चमचा पुरे. 'आणखी दोन चमचे टाकू, आणखी मऊ होईल' हा मोह टाळा. पपई वरच्या काही मिलिमीटरवरच काम करते, आत फारशी शिरत नाही. जास्त झाली किंवा जास्त वेळ राहिली की वरचा थर पिठासारखा लिबलिबीत होतो आणि आत तुकडा तसाच. शिवाय निखाऱ्यावर तुकडा तापताना ५० ते ७० अंशांच्या दरम्यान तिचा जोर उलट वाढतो. तेव्हा रात्रभर ठेवायचं असेल तर बाकी मसाला आदल्या रात्री लावा आणि पपई भाजण्याच्या आधी चार तास. अंडरकटला एक तास खूप झाला.

लिंबू मात्र मुरवण्यातून काढून टाका. जास्त आंबट मांसात तासन्‌तास राहिलं की वरचा थर घट्ट होतो आणि पाणी सुटतं. लिंबू ताटात.

एक किलोला बाकीचं असं: मीठ दोन सपाट लहान चमचे (सुमारे १२ ग्रॅम), आलं-लसूण वाटण दोन मोठे चमचे, ३०० ग्रॅम दही फडक्यात दोन-तीन तास टांगून उरलेला चक्का, मोहरीचं तेल तीन मोठे चमचे, भाजलेलं बेसन दोन मोठे चमचे, तिखट दोन लहान चमचे, धणे-जिरे भाजून केलेली पूड दीड मोठा चमचा, गरम मसाला एक लहान चमचा, चिमूटभर जायफळ आणि थोडी जायपत्री. तिखट भिवापुरी मिरचीचं असेल तर रंग छान येतो, वेगळा रंग घालावा लागत नाही. बेसन कशाला? दही आणि तेल तुकड्याला चिकटून राहावं म्हणून. त्याशिवाय अर्धा मसाला निखाऱ्यात गळतो. दही टांगलेलंच हवं, पातळ दह्याने तुकडे भाजण्याऐवजी वाफवले जातात.

सावजी मसाला घालू का, हा प्रश्न नागपुरात येणारच. माझं मत, नको. तो खूप भाजलेला आणि काळपट असतो, तर्रीच्या तेलात तो खुलतो. उघड्या आगीवर दुसऱ्यांदा भाजला की कडू होतो. संत्र्याचा रसही नको, त्यातली साखर आधी करपते.

मुरवायचं ते फ्रीजमध्येच. मे महिन्यात ४५ अंशांत ओट्यावर ठेवलेलं मांस तासाभरातच धोक्याचं होतं. भाजण्याआधी २० मिनिटं बाहेर काढलं की बास, आणि उन्हाळ्यात तेवढंही नको.

शेगडी. लाकडी कोळसा घ्या, किलोभर मांसाला साधारण दीड किलो लागतो. पेटवायला रॉकेल वापरू नका, वास शेवटपर्यंत जात नाही. नारळाच्या करवंट्या आणि कागद पुरतात. २५-३० मिनिटांनी निखाऱ्यांवर राखाडी थर येतो, तोपर्यंत थांबा. काळ्या कोळशावर भाजलं तर धुराची कडवट चव येते. मग सगळे निखारे एका बाजूला ओढा. दुसरी बाजू रिकामी ठेवणं हाच तुमच्या करपण्यावरचा इलाज आहे. जाळीच्या उंचीवर तळहात धरा: तीन-चार सेकंद धरवला तर आच बरोबर, दोनच सेकंद धरवला तर थांबा.

सळया चपट्या किंवा चौकोनी लोखंडी घ्या, गोल सळईवर तुकडा जागीच फिरतो आणि एकच बाजू भाजत राहते. बांबूच्या काड्या असतील तर अर्धा तास पाण्यात बुडवा. दोन-तीन तुकड्यांनंतर एक चरबीचा. तुकडे खेटून ओवू नका, मधे बोटभर नसली तरी काडीभर फट हवी. ओवताना जादा मसाला बोटांनी निपटून टाका. तुकड्यावर पातळ लेप राहिला पाहिजे, लोंबणारा मसाला आधी जळतो आणि तेवढ्यावरून कबाब झाला असं वाटतं.

निखाऱ्यांपासून चार इंच उंचीवर, दर दोन मिनिटांनी फिरवत, आधी पाच-सहा मिनिटं. कडा काळपट लाल झाल्या की सळया रिकाम्या बाजूला न्या, वर पातेलं पालथं घाला आणि आणखी पाच-सहा मिनिटं ठेवा. चरबी गळून भडका उठला तर पाणी मारू नका, राख उडून मांसावर बसते. सळई उचलून बाजूला धरा, भडका आपोआप बसतो. शेवटच्या दोन मिनिटांत तुपाचा हात फिरवा. आधी फिरवलंत तर भडक्याला खाद्य मिळतं.

झालं की नाही ते रंगावरून कळत नाही, कारण बडं मुळातच गडद असतं. थर्मामीटर असेल तर आत ७१ अंश. नसेल तर सर्वांत जाड तुकडा कापून बघा: रस स्वच्छ हवा, आत कच्चा लाल भाग नको. त्यापुढे भाजत राहिलात तर पुन्हा चिवट. उतरवल्यावर पाच मिनिटं झाकून ठेवा. सोबत कांदा, लिंबू, सांबाराची (कोथिंबिरीची) हिरवी चटणी आणि जमलं तर मातीच्या मडक्यावरची लांब रोटी. नेहमीच्या पोळीपेक्षा या कबाबाला तीच बरी लागते.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर बंद स्वयंपाकघरात कोळसा पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गच्ची नसेल तर बिडाचा तवा किंवा इलेक्ट्रिक ग्रिल पूर्ण तापवून त्यावर भाजा. मग कबाब पातेल्यात घ्या, मधे वाटीत एक पेटता निखारा ठेवा, त्यावर अर्धा चमचा तूप टाका आणि झाकण लावा. हे सगळं खिडकी उघडी ठेवून. तीन मिनिटं पुरे, दहा मिनिटं ठेवलं तर नुसता धूर खाल्ल्यासारखं लागतं.