मुंबई–न्यूअर्क जमतं, मग पुणे–न्यूअर्क का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईहून न्यूयॉर्कशेजारच्या न्यूअर्कला विनाथांबा विमान जातं, पुण्यातून अमेरिकेला जाणारे लोक एवढे आहेत, मग तेच विमान पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून का उडवत नाहीत? आणि कुठल्या मार्गावर बोईंगचं ७७७ लावायचं, कुठे ७८७ आणि कुठे एअरबसचं ए३५०, हे कंपन्या कशावरून ठरवतात?

मी बरीच वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये काढली. उड्डाणाचा मार्ग, इंधन आणि वजन ठरवणारं ते खातं. त्या टेबलावरून जसं दिसतं तसं सांगतो.

सगळ्यात आधी ब्रोशरमधली रेंज डोक्यातून काढून टाका. विमान अमुक किलोमीटर उडतं म्हणजे ठरावीक वजन घेऊन, वारा नसताना उडतं. कंपनीला पडलेला प्रश्न वेगळाच असतो: जानेवारीतल्या वाईट दिवशी, समोरून वारा असताना, पुरेसं इंधन भरल्यावर पैसे देणारं वजन किती उरतं? माणसं, त्यांच्या बॅगा आणि पोटातला कार्गो, एवढंच पैसे देतं. बाकी सगळा खर्च.

मुंबई–न्यूअर्कचंच गणित बघा. सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. ७७७-३००ईआरचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन ३५१ टन. रिकामं विमान, खुर्च्या, क्रू, केटरिंग मिळून १७० टनांच्या घरात जातं. इंधन सव्वाशे टनांच्या पुढे. उरलेल्यात साडेतीनशे माणसं बॅगांसकट बसवली की कार्गोसाठी हातात पडतात फार तर पंधरा-वीस टन. हे चांगल्या दिवसाचं. हे विमान तासाला सात-आठ टन इंधन पितं. हिवाळ्यात पश्चिमेकडे जाताना वाऱ्यामुळे उड्डाण तासाभराने लांबलं की तेवढं इंधन वाढवावं लागतं. शिवाय जादा इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. पंधरा-सोळा तासांच्या उड्डाणात जादा भरलेल्या प्रत्येक टनातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग तो टन उचलण्यातच जळून जातो. त्यामुळे लांबचं विमान घेताना रेंजसोबत हा भुर्दंडही विकत घ्यावा लागतो.

अशा रात्री काय होतं? उड्डाणाच्या काही तास आधी नवा वाऱ्याचा अंदाज येतो, प्लॅन पुन्हा चालवला जातो, इंधन सहा टनांनी वाढतं. विमानात किती वजन चढवायचं ते बघणाऱ्या लोड कंट्रोलला फोन जातो. आधी कार्गोची पॅलेट उतरतात, कपडे पहिले, औषधं शेवटी. तरी वजन बसत नसेल तर स्टाफ तिकिटावर स्टँडबाय बसलेल्यांना हात जोडून घरी पाठवतात. तरीही नाहीच बसलं तर काही सीट रिकाम्या ठेवायच्या किंवा वाटेत इंधनासाठी उतरायचं. महिन्यातून एखाद्या वेळी असं झालं तर कंपनी सोसते. आठवड्यातून तीनदा व्हायला लागलं की विमान त्या मार्गाचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मग जास्त रेंजचंच विमान का घेत नाहीत? घेतलं होतं की. एअर इंडियाने ऑगस्ट २००७मध्ये मुंबई–न्यूयॉर्क विनाथांबा सुरू केलं ते ७७७-२००एलआरने. जवळजवळ १६,००० किलोमीटर रेंज, मुंबईतून अमेरिकेत कुठेही जा. अशी आठ विमानं घेतली आणि त्यातली पाच पुढे २०१३-१४मध्ये अबू धाबीच्या एतिहाद कंपनीला विकून टाकली. विमानात खोट नव्हती. २३८ सीट घेऊन उडणारं ते जड विमान ज्या मार्गावर त्याची जास्तीची ताकद लागत नाही तिथे नुसतं महाग पडतं. जगाचा कौलही तसाच: ७७७-२००एलआर साठच्या आसपास खपली, कमी रेंजची पण जास्त माणसं नेणारी ३००ईआर आठशेहून जास्त.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण सिंगापूर–न्यूअर्क. सिंगापूर एअरलाइन्सने २००४मध्ये चार इंजिनांच्या ए३४०-५००वर ही सेवा सुरू केली, १८१ सीट. जमेना, म्हणून २००८मध्ये सगळं विमान बिझनेस क्लास केलं, फक्त १०० सीट. इंधनाचे भाव बघता तेही परवडेना, २०१३मध्ये बंद. २०१८मध्ये तोच मार्ग परत आला तो ए३५०-९००यूएलआरवर, दोन इंजिनं, १६१ सीट, आणि त्यात इकॉनॉमी क्लास मुळात नाहीच. हेच मॉडेल साध्या रूपात ही कंपनी २५३ सीटचं वापरते. म्हणजे नव्वदेक सीट आणि पुढचा कार्गो होल्ड सोडून दिला तेव्हा कुठे १५,००० किलोमीटरच्या पुढचा हा मार्ग जमला. सोडलेल्या सीटचे पैसे उरलेल्या सीटवाल्यांकडून वसूल होतात, कारण सिंगापूर आणि न्यूयॉर्कमध्ये तसे देणारे आहेत. पुण्याचा विचार करताना हे लक्षात ठेवा.

नकाशावरचं अंतर फसवतं, हेही सांगून ठेवतो. ऑक्टोबर २०१६मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. मार्ग जवळपास १,४०० किलोमीटरने वाढला, पण पाठीमागून वारा मिळाल्याने वेळ तब्बल दोन तासांनी घटला. उलट बाजूने, मार्च २०२२मध्ये रशियाचं आकाश अमेरिकन कंपन्यांना बंद झालं आणि त्यांच्यातल्या युनायटेडने मुंबई–न्यूअर्क थांबवलं. विमान तेच, शहरं तीच, फक्त वाट लांबली. एअर इंडियाला ते आकाश उघडं होतं, म्हणून त्यांचं चालू राहिलं. दोन इंजिनांच्या विमानाला जवळच्या विमानतळापासून किती मिनिटं लांब जाता येतं, हा नियम पूर्वी मोठा अडथळा होता. आता ए३५०ला ३७० मिनिटांपर्यंत मुभा मिळू शकते, आपल्या मार्गांवर तो प्रश्न जवळपास मिटलाय.

सीटची संख्याही तेवढीच महत्त्वाची. रोज दीडशेच लोक मिळणार असतील तर साडेतीनशेचं विमान आठवड्यातून तीनदा पाठवून उपयोग नाही. बिझनेसवाल्याला मंगळवारी परत यायचं असतं, तुमची फेरी गुरुवारी. म्हणून ७८७ने एवढी शहरं जोडली, आणि म्हणूनच आता एकच पॅसेज असलेल्या, ८,७०० किलोमीटर रेंजच्या ए३२१एक्सएलआरला मागणी आहे. इंडिगोनेही ती मागवली आहेत. दुमजली ए३८० मात्र लंडनच्या हीथ्रोसारख्या ठिकाणीच शोभतं, जिथे जादा स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याची वेळ, मिळत नाही आणि आहे त्याच फेरीत माणसं कोंबावी लागतात.

आता लोहगाव. धावपट्टी सुमारे २,५०० मीटर, मुंबईची मुख्य धावपट्टी साडेतीन हजारांच्या जवळ. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५९० मीटर उंच. उंची आणि एप्रिल-मेची दुपार एकत्र आली की हवा विरळ होते, पंखाला उचल कमी आणि इंजिनाला जोर कमी. ३५१ टनांचं ७७७ तिथून उठवायचा विचारही करू नका. इंधन कमी करून उठवता येईल, पण मग ते न्यूअर्कला पोचणार नाही. शिवाय विमानतळ हवाई दलाचा, वेळा त्यांच्या सोयीने.

युरोपचं उत्तर मात्र वेगळं आहे. पुणे–फ्रँकफर्ट साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास, तेवढं इंधन घेऊन ७८७ तिथून बहुधा निघू शकेल. लुफ्थान्साने २००८पासून काही वर्षं ही सेवा चालवलीही होती, प्रायव्हेटएअर या स्विस कंपनीच्या एका पॅसेजच्या छोट्या विमानाने. पुढे पुण्याहून जाताना पूर्व युरोपात इंधनासाठी उतरावं लागायचं. जुन्या पुणेकर कंपनीवाल्यांना आठवत असेल.

अमृतसरशी तुलना करून बघा. तिथे ३,६०० मीटरहून लांब धावपट्टी, दिल्ली साडेचारशे किलोमीटर दूर, आणि इंग्लंडच्या बर्मिंगहॅममध्ये पंजाबी वस्ती. म्हणून बर्मिंगहॅमचं ७८७ भरतं. पुण्याचा प्रवासी दीडशे किलोमीटरवरच्या मुंबईला कॅबने जातो आणि तिथे पाच कंपन्यांमधून स्वस्त तिकीट निवडतो. पुण्याहून थेट जायला पंधरा हजार जास्त मोजणारे रोज शंभर मिळाले तर कंपनी हालचाल करेल. मुलाकडे सहा महिन्यांसाठी जाणारे आई-वडील ते मोजत नाहीत, आणि त्यांनी का मोजावेत?

माझा अंदाज विचाराल तर पुण्यातून पुन्हा थेट युरोप विमान आलंच तर ते ए३२१एक्सएलआरसारखं छोटं असेल. अमेरिकेसाठी मात्र ३,७०० मीटर धावपट्टीच्या नवी मुंबईकडेच बघा, पनवेलपर्यंत तर एक्सप्रेसवे आहेच.