चौदावा दिवस सगळ्यांचा नसतो

"मॅडम, आम्ही चौदावा दिवस कधीच चुकवला नाही. तरी पाळी येतेच. माझ्यातच काही दोष असेल का?"

तिचं वय २९, राहायला कोथरूड, नोकरी हिंजवडीत. बाळासाठी प्रयत्न सुरू करून आठ महिने झाले होते. सासूबाई तोंडाने काही बोलत नाहीत, पण पाळी आली की घरात कळतंच, आणि मग तिला अपराध्यासारखं वाटतं. हा प्रश्न माझ्याकडे इतक्या जणी घेऊन येतात, की आधी पाळीच्या तारखाच बघायच्या असं मी ठरवून टाकलंय.

तिने मोबाइल पुढे केला. मागची तीन चक्रं ३३, ३६ आणि ३४ दिवसांची. आणि हे दोघं जवळ येत होते ते बाराव्या ते चौदाव्या दिवशी, कारण दिवस राहायला तेच दिवस, असं सगळीकडे वाचलेलं.

तो चौदावा दिवस २८ दिवसांच्या चक्राचा. अंडं फुटल्यापासून, म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून, पुढची पाळी येईपर्यंतचा काळ साधारण १४ दिवसांचा असतो, त्यात फारसा फरक पडत नाही. पाळी लांबते ती त्याआधीच्या दिवसांमुळे. म्हणून १४ दिवस मोजायचे ते पुढच्या पाळीपासून मागे. तिच्या तारखांत उत्तर आलं १९, २२ आणि २०. मोजताना नुसते डाग दिसले तो दिवस धरायचा नाही. नीट रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस.

हाही अंदाजच. स्त्रीबीज जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून एकच दिवस गाठायची धडपड नको. तिला सांगितलं, चौदाव्यापासून बाविसाव्यापर्यंत दिवसाआड पुरे. योनीतला स्राव कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा पारदर्शक आणि ताणला जाणारा झाला, की तेच दिवस महत्त्वाचे. मेडिकलमधलं ओव्ह्युलेशन किट (अंडं फुटायची वेळ लघवीवरून सांगणारं) घ्यायचं तर तेही या हिशेबाने सतराव्या दिवसाच्या आसपास सुरू करावं; दोन्ही रेघा ठळक झाल्या, की साधारण २४ ते ३६ तासांत अंडं फुटतं. पीसीओडी (हार्मोन्सच्या बिघाडाने अंडं वेळेवर न फुटण्याचा त्रास) असेल तर किट फसवू शकतं, तिथे सोनोग्राफीवरच भिस्त ठेवावी. सकाळचं तापमान अंडं फुटल्यावर वाढतं, म्हणजे कळतं ते उशिराच. नोकरीच्या धावपळीत थर्मामीटरचा जाच तिने करून घेऊ नये, असं मला मनापासून वाटलं.

"दोष" हा शब्द मी तिला पुन्हा वापरू दिला नाही. वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर, पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून मग डॉक्टरांकडे जावं. पाळी फारच अनियमित असेल किंवा सतत ३५ दिवसांपुढे जात असेल तर त्याआधीच. आणि तपासायचं ते दोघांना. वीर्यतपासणी तर सगळ्यांत सोपी.

इतका वेळ गप्प बसलेला नवरा म्हणाला, "मग ती मी याच आठवड्यात करून घेतो."