घरी केलेल्या स्टेक सँडविचमधलं मांस चिवट का होतं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात घरी दोनदा स्टेक सँडविच केलं. एकदा मांस दातांनी तुटेना आणि दुसऱ्यांदा पाव भिजून हातातच फाटला. मी हे गेली काही वर्षं जवळजवळ दर महिन्याला करतो. माझ्या मते चूक तव्यावर झालेली नसावी. ती खाटकाकडे झाली असेल किंवा कापताना.

महाराष्ट्रात गोहत्याबंदी आधीपासून होतीच, २०१५पासून बैल आणि वळूही त्यात आले. त्यामुळे आपल्याला मिळतं ते म्हशीचं, म्हणजे बाजारात ज्याला 'मोठ्याचं' म्हणतात ते. परदेशी व्हिडिओंमधल्या मांसात आतपर्यंत चरबीच्या रेघा असतात, म्हशीच्या मांसात त्या फारशा नसतात. म्हणून त्यांच्या वेळा आपल्याकडे जशाच्या तशा चालत नाहीत. कॅम्पात शिवाजी मार्केटच्या बाजूला जाऊन नुसतं 'स्टेकसाठी द्या' म्हणू नका, 'अंडरकट' मागा. पाठीच्या कण्याखालचा हा स्नायू जनावर चालताना फारसा राबत नाही, म्हणून मऊ राहतो. दोघांना ४०० ग्रॅम पुरतं. वरचा पांढरा, चकचकीत पापुद्रा खाटकाकडूनच काढून घ्या. तो कितीही शिजवला तरी चिवटच राहतो. अंडरकटला कच्ची पपई लावू नका, वरचा थर पिठूळ होतो.

दोन बोटं जाडीचे तुकडे करून पाऊण तास आधी मीठ लावून ठेवा. मग सुती फडक्याने अगदी कोरडे करा. हे टाळू नका. मांस ओलं असलं तर तव्याची सगळी उष्णता पाणी उडवण्यात जाते आणि मांस राखाडी होऊन वाफवलं जातं. खमंग तपकिरी पापुद्रा यायला पृष्ठभाग १४० अंशांच्या वर जावा लागतो.

तवा बिडाचा असेल तर उत्तम. मोठ्या आचेवर पाच मिनिटं तापू द्या, थोडं शेंगदाणा तेल टाका आणि दर मिनिटाला उलटत एकूण सहा-सात मिनिटं भाजा. शेवटी चमचाभर लोणी आणि चार ठेचलेल्या लसूणपाकळ्या. थर्मामीटर असेल तर मधोमध ५८-६० अंशांना उतरवा. कापल्यावर लालसर रस दिसेल. ते रक्त नव्हे. मायोग्लोबिन नावाचं प्रथिन मिसळलेलं पाणी आहे ते. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर मात्र त्यांचा तुकडा आतपर्यंत पूर्ण शिजवा.

आता सुरी. मांस आठ मिनिटं ताटलीत तसंच राहू द्या. मग धागे कुठल्या दिशेने जातात ते नीट बघा आणि त्यांना आडवं, पेन्सिलपेक्षाही पातळ कापा. ताटातला स्टेक जाड चालतो, कारण तिथे काटा-सुरी हाताशी असते. सँडविचमध्ये दातच सुरी. अख्खा तुकडा घातला तर पहिल्या घासालाच तो पावातून बाहेर ओढला जातो. तुमच्या पहिल्या सँडविचचं बहुधा हेच झालं.

पाव मऊ स्लाइसचा नको. इराणी बेकरीतला ब्रून, म्हणजे कडक कवचाचा पाव घ्या, मधून चिरून आतली बाजू त्याच तव्यावर, मांसाच्या उरलेल्या तुपट रसात कुरकुरीत भाजा. त्यावर लोणी लावलं की ओल आत शिरायला वेळ लागतो. टोमॅटो घालायचाच असेल तर मीठ लावून निथळून घ्या.

दोन मोठे कांदे उभे चिरून मंद आचेवर अर्धा-पाऊण तास परता, अगदी गडद होईपर्यंत. साखर घालायची गरज नाही, कांद्याची स्वतःची गोडी पुरते.

आणि बाटलीतल्या मस्टर्डऐवजी एकदा आपली मोहरी फेसून बघा. दोन चमचे मोहरी तासभर भिजवून, चिमूटभर मीठ आणि थोडं गार पाणी घालून नाकात झणका जाईपर्यंत वाटायची, मग चमचाभर घट्ट दह्यात कालवायची. लोणच्यासाठी फेसतात तशीच. गरम पाणी वापरलं तर झणका येत नाही. ही मोहरी खालच्या पावाला, त्यावर मांस, मग कांदा, आणि ताटलीत जमलेला रस फक्त वरच्या पावाला, तोही अगदी खाताना.