मदरसा की सूफी? आधी गझाली वाचा

मध्ययुगीन इस्लामी विद्येच्या अभ्यासाला सुरुवात करताय म्हणून सांगतो, उलेमा (धर्मशास्त्राचे पंडित) एकीकडे आणि सूफी (गूढवादी साधक) दुसरीकडे अशी वाटणी डोक्यात घेऊन बसू नका. त्यापेक्षा एकच माणूस धरा: धर्मपंडित अल-गझाली. 1091 मध्ये तो बगदादच्या निझामिया मदरशात शिकवायला लागला. वझीर निझाम-उल-मुल्कने उभारलेली ही संस्था वक्फच्या, म्हणजे धर्मादाय दान दिलेल्या मालमत्तेच्या, उत्पन्नावर चाले. (मदरशाचा कुठलाही वक्फनामा (दानपत्र) हाती लागला तर सोडू नका, शिक्षकाचा पगार, विद्यार्थ्यांची सोय, सगळं त्यांत सापडतं.)

1095 मध्ये त्याची वाचाच बसली. वर्गात शब्द फुटेना, घास उतरेना, वैद्यांनी हात टेकले. मक्केला जातो म्हणून सांगितलं आणि स्वारी निघाली दमास्कसला! तिथे सूफी साधनेसाठी मशिदीच्या मिनारात दार लावून दिवस दिवस बसे. हे त्यानेच लिहिलंय, पण बऱ्याच वर्षांनी आणि स्वतःची बाजू मांडत, त्यामुळे सगळं जसंच्या तसं घेऊ नका. 1106 मध्ये पठ्ठ्या इराणातल्या निशापूरला पुन्हा शिकवायला हजर. शेवटी आपल्या गावी, तूसमध्ये, घराशेजारी मदरसा आणि खानकाह (सूफींचा मठ), दोन्ही थाटलं.

यानंतर इजाजतीकडे, म्हणजे शिकलेलं पुढे शिकवण्याच्या परवानगीकडे, वळा. ती संस्था नव्हे, गुरू देत असे.